कान्हेरीचा डोंगर आणि आमचा वर्षावास

आषाढ पौर्णिमा आली की आपल्या विहारांतून वर्षावास सुरू होतो. कामावरून परतलेली माणसे हातपाय धुऊन संध्याकाळी विहारात जमतात, त्रिसरण-पंचशील होते आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. तीन महिने हा क्रम चालतो. आमच्याही वस्तीत तो वर्षानुवर्षे चालत आला आहे. परंतु खरे सांगायचे तर, वर्षावास म्हणजे पावसाळ्यातले ग्रंथवाचन, एवढाच अर्थ आम्ही मनाशी धरून बसलो होतो. त्याचा पावसाशी, गवताशी आणि आपल्या स्वतःच्या वागण्याशी काय संबंध आहे, हा विचार कधी केला नव्हता. तो विचार आम्हांला कान्हेरीच्या डोंगराने करायला लावला. २०२४च्या आषाढापासून २०२५च्या वैशाखापर्यंत आम्ही चार वेळा त्या डोंगरावर गेलो. त्याचीच ही हकीकत.

त्या वर्षी आषाढ पौर्णिमा २१ जुलैला, रविवारी आली होती. विहारात भन्तेजींनी वर्षावास कसा सुरू झाला ते सांगितले. पूर्वी भिक्खू बारमाही चारिका करीत. पावसाळ्यातही ते चालतच राहत. तेव्हा लोकच कुरकुर करू लागले, की पाखरेसुद्धा पावसाळ्यात झाडावर घरटे बांधून एका जागी राहतात. हे मात्र हिरवे गवत तुडवीत, बारीकसारीक जीव पायाखाली चिरडीत हिंडतात. ही तक्रार तथागतांच्या कानावर गेली आणि त्यांनी ती मान्य केली. भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहावे, असा नियम झाला.

घरी येताना आई म्हणाली, “बघा, लोकांनी नाव ठेवलं तर भगवान रागावले नाहीत. त्यांचं ऐकलं.”

आम्ही काही बोललो नाही. आईचा रोख कुणीकडे होता ते आम्हांला कळले होते.

दादा, म्हणजे आमचा थोरला भाऊ, आणि आम्ही, यांच्यात दोन वर्षे बोलणे नव्हते. अण्णा २०२१ साली गेले. त्यांच्या नावावर असलेली कुर्ल्याची खोली पुढे पुनर्विकासात गेली. कागदावर नाव कोणाचे लागणार, इमारत होईपर्यंत मिळणारे भाडे कोणी घ्यायचे, यावरून कुरबूर सुरू झाली. २०२२मध्ये अण्णांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला चार पाहुण्यांसमोर आम्ही दादाला नको ते बोललो. तो ताटावरून उठला आणि वहिनींना व मुलाला घेऊन कल्याणला निघून गेला. त्यानंतर बाबासाहेबांच्या जयंतीला नाही की बुद्ध पौर्णिमेला नाही, त्याचा आमच्या घराला पाय लागला नाही. आई तेवढी महिन्यातून एकदा कल्याणला जाऊन येई. आली की गप्प बसे.

त्या रात्री आईच म्हणाली, “येत्या रविवारी मला कान्हेरीला न्या. पावसात भिक्खू राहायचे ती जागा मला पावसातच बघायची आहे.”

आषाढातला डोंगर

२८ जुलैच्या सकाळी आम्ही चौघे निघालो. आम्ही नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. कुर्ल्याहून दादर, दादरला गाडी बदलून बोरिवली. स्टेशनच्या पूर्वेला उतरले की चालत जाण्याजोग्या अंतरावर राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत. वाहनाने जाता येते.

फाटकातून आत शिरले की मुंबई मागे राहते. शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेले हे जंगल. ज्या शहरात आपल्याला एका खोलीत सातजण राहण्याची सवय, त्याच शहराच्या पोटात ते आहे, याचे दर खेपेला नवल वाटते. याच जंगलात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. मुंबईच्या नळाला अजूनही त्यांचे थोडे पाणी येते. दहिसर नदीही इथूनच निघते. म्हणजे आपण ज्या शहरात घाम गाळतो, त्या शहराच्या तहानेची सोय या डोंगराकडेही आहे.

लेण्यांपाशी पोहोचलो तेव्हा पाऊस बारीक पडत होता. काळा कातळ भिजून अधिकच काळा झाला होता. कान्हेरी हे नाव कृष्णगिरीवरून, म्हणजे काळ्या डोंगरावरून आले आहे. जुन्या लेखांत ‘कण्हगिरी’ असे येते. ते नाव का पडले, ते पावसाळ्यात डोळ्यांनी पाहावे. दोन डोंगरांमधला ओढा धो धो वाहत होता. कातळाच्या प्रत्येक खाचेतून पाणी उतरत होते.

इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरीवकामाला सुरुवात झाली आणि पुढे जवळजवळ एक हजार वर्षे इथे वर्दळ राहिली. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना तथागतांच्या उभ्या भव्य मूर्ती आहेत, दोन माणसांच्या उंचीहूनही कितीतरी उंच. आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि शेवटी स्तूप. आम्ही तिथे वंदना घेतली. बाहेरचा पाऊस आतून ऐकताना सगळा डोंगरच आपल्याबरोबर गाथा म्हणतो आहे असे वाटले.

पण आईचे मन रमले ते मोठ्या लेण्यात नव्हे, वरच्या अंगाच्या लहान लेण्यांत. एक ओसरी, आत एक खोली, झोपायला दगडाचा ओटा आणि बाहेर एका बाजूला पाण्याची टाकी. एवढेच घर! आमची मुलगी ओट्यावर बसून म्हणाली, “आजी, हे आपल्या खोलीपेक्षा लहान आहे.” आई हसली. “लहान आहे, पण इथं भांडायला दुसरं कोणी नाही.”

टाकीपाशी आई बराच वेळ उभी राहिली. टाकीच्या वरच्या कातळात बोटभर, चार बोटे रुंदीच्या पन्हळी खोदल्या होत्या. पावसाचे पाणी त्यांतून धावत येऊन टाकीत पडत होते. जवळजवळ प्रत्येक लेण्याला अशी टाकी आहे. जुन्या लेखांत तिला ‘पोढी’ म्हणतात. आई कोकणातली, महाडच्या पलीकडच्या गावची. तिच्या लहानपणीही गावाच्या पाणवठ्यावर आपल्या बायकांना हात लावता येत नसे. कोणीतरी येऊन वरून ओतील म्हणून हंडा घेऊन दूर उभे राहायचे, हे तिने स्वतः भोगले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती गोष्ट तिने तिच्या वडिलांच्या तोंडून ऐकली होती. त्यामुळे पाणी म्हटले की आईचा चेहरा वेगळाच होतो.

आम्ही तिला सांगितले, की इथल्या एका लेखात कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिल्याचीही आहे. राजे आणि सावकार यांच्याबरोबर हातावर पोट असलेल्या कारागिरांचीही नावे या कातळावर आहेत. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या भिक्खूला चीवर मिळावे म्हणून कोणी कायमची ठेव ठेवल्याचेही लेख आहेत.

आईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “कल्याणचा सोनार इथवर येऊन पाणी देऊन गेला. माझा लेकही कल्याणलाच आहे. त्याला इथवर यायला कोणी बोलावलं नाही.”

पाऊस वाढला होता. आम्ही ओसरीत सरकून उभे राहिलो. समोर कातळाचा मोठा उतार होता. सगळ्या उतारावर पाऊस सारखाच पडत होता. पण जिथे पन्हळ खोदलेली नव्हती तिथले पाणी नुसते वाहून ओढ्याला मिळत होते. पन्हळ होती तिथलेच टाकीत जमत होते. पाऊस पडला म्हणजे पाणी साठतेच असे नाही. त्यासाठी कोणीतरी आधी छिन्नी हातात घ्यावी लागते.

माणसाचेही असेच नाही का? किती पावसाळे आमच्यावरून गेले! किती वर्षावास विहारात बसून ऐकले! ऐकलेले सगळे वाहून गेले, कारण आम्ही मनाला पन्हळ कधी खोदली नाही. हा विचार त्या ओसरीत आला आणि घरापर्यंत आमच्याबरोबर राहिला.

कारवीचा फुलोरा

सप्टेंबरमध्ये पुन्हा गेलो ते कारवी पाहायला.

कारवी हे आपल्या सह्याद्रीतले झुडूप. सात वर्षे ते नुसते हिरवे वाढते. येणारा-जाणारा त्याच्याकडे पाहतही नाही. आठव्या वर्षी मात्र सगळा डोंगर एकदम निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातो. मधमाश्यांची झुंबड उडते. आयुष्यात एकदाच फुलते आणि बी धरून मरते. मुंबईच्या या जंगलात २००८ साली कारवी फुलली, नंतर २०१६ साली आणि मग २०२४ साली.

आईला कारवी फुलासाठी माहीत नव्हती. तिला ती कुडासाठी माहीत होती. कोकणात गरिबाच्या घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या. काठ्या बांधून कूड उभा करायचा आणि वरून शेणमातीने लिंपायचा. आई म्हणाली, “आम्ही कारवीच्या घरात जन्मलो आणि तिला फुलं येतात हे मला साठी उलटल्यावर कळलं.”

तिला ते कळले २०१६मध्ये, याच डोंगरावर. त्या वर्षी अण्णा होते. दादा, वहिनी, पुतण्या, आम्ही सगळे एकाच डब्यातून आलो होतो. अण्णांनी डोक्याला रुमाल बांधला होता. दादाने धाकट्या पुतणीला, म्हणजे आमच्या मुलीला, खांद्यावर बसवून सगळा चढ चढवला होता. वहिनींनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. फुलांकडे पाहून अण्णा म्हणाले होते, “पुढच्या फुलोऱ्याला पोरं मोठी झालेली असतील. तेव्हाही सगळे मिळून या.”

सगळे मिळून! आठ वर्षांनी आम्ही त्याच उतारासमोर उभे होतो. फुले तशीच होती. रंगही तोच. अण्णा नव्हते, त्याला इलाज नव्हता. पण दादा नव्हता, त्याला इलाज होता आणि तो आम्ही केला नव्हता.

आमच्या मुलीला खांद्यावर बसून आल्याचे पुसटसे आठवत होते. तिने विचारले, “काकांनी मला कुठपर्यंत आणलं होतं?” आम्ही चढाचा शेवट दाखवला. ती तिथे जाऊन उभी राहिली आणि खाली पाहत राहिली.

आई बोटांवर हिशेब करीत होती. “आता पुढची फुलं बत्तीस साली. मी ब्याऐंशीची होईन. असेन, नसेन.” एवढेच बोलून तिने जवळच्या फांदीवरून हात फिरवला. तोडले काही नाही.

निसर्गाच्या कॅलेंडरला रविवार नसतो आणि ते कोणाचा रुसवा निघण्याची वाट पाहत नाही. आठ वर्षे म्हणजे एका मुलाचे बालपण. आठ वर्षे म्हणजे एका म्हातारीचे उरलेले आयुष्यही असू शकते. आम्ही त्यातली दोन नुसती तोंड फिरवून घालवली होती. उतरताना कोणीच फारसे बोलले नाही.

मौन म्हणजे शांती नव्हे

आश्विन पौर्णिमा १७ ऑक्टोबरला होती. वर्षावासाची समाप्ती. आदल्या रविवारी विहारात भन्तेजींनी पवारणेची माहिती सांगितली. ती आम्ही त्याआधी कधी नीट ऐकलीच नव्हती.

कोसल देशात काही भिक्खू एकत्र वर्षावासाला राहिले. भांडणतंटा होऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली. तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही. आपापले काम करायचे, खुणेने मदत मागायची, तोंड उघडायचे नाही. वर्षावास संपल्यावर ते तथागतांकडे गेले आणि आम्ही मोठ्या सुखाने राहिलो असे सांगू लागले. तथागतांनी त्यांचे कौतुक केले नाही. हे तर जनावरांसारखे एकत्र राहणे झाले, अशा अर्थाची कानउघाडणी केली. आणि नियम घालून दिला, की वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघासमोर नम्रपणे बसावे आणि विनंती करावी: माझ्या वागण्यात तुम्हांला काही दोष दिसला असेल, कानावर आला असेल किंवा नुसती शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा. मला कळला तर मी तो सुधारीन. हीच पवारणा.

वाचकहो, आम्ही दोघेही त्या रात्री झोपलो नाही. दोन वर्षे आम्ही स्वतःचे समाधान करीत आलो होतो, की दादाशी बोलत नाही म्हणून भांडण तरी होत नाही, घरात शांतता आहे. ती शांतता नव्हती. तो मुकेपणा होता. आणि आमच्या मनात दादाच्या दोषांची लांबलचक यादी होती. पण आमचा दोष काय, हे आम्ही त्याला एकदाही विचारले नव्हते.

पौर्णिमेच्या संध्याकाळी कामावरून सुटून आम्ही कल्याणची गाडी धरली. दार वहिनींनी उघडले. त्या क्षणभर थबकल्या, मग म्हणाल्या, “या, आत या.” दादा खाटेवर बसला होता. तो उठला नाही.

आम्ही पाणी प्यालो आणि जे ठरवून आलो होतो ते बोललो. “दादा, आज पवारणा आहे. भांडायला आलो नाही. आमचं काय चुकलं ते तू सांग. मध्ये बोलणार नाही.”

तो बराच वेळ गप्प होता. मग बोलू लागला. अण्णांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याचे बिल त्याने सोसायटीतून कर्ज काढून भरले होते. आम्ही तेव्हा फेऱ्या मारल्या, डबे नेले, रात्री जागलो. पण पैसा कुठून आला, हे कधी विचारले नाही. खोलीचे जे भाडे तो घेत होता ते त्या कर्जाच्या हप्त्यात जात होते. आणि त्याच माणसाला आम्ही पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, की तुझा डोळा अण्णांच्या खोलीवर आहे.

“पैशाचं मला काही नाही,” दादा म्हणाला. “पण अण्णांच्या फोटोसमोर बोललात.”

मध्ये बोलायचे नाही असे ठरले होते म्हणून नव्हे, बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते म्हणून आम्ही खाली मान घालून बसलो. मग दादाच म्हणाला, “माझंही चुकलं. हिशेब दाखवायला पाहिजे होता. मला वाटलं, धाकट्याला कशाला हिशेब द्यायचा. त्या माजात राहिलो.”

वहिनी आत चहा टाकायला गेल्या. त्या रात्री आम्ही तिथेच जेवलो.

आश्विनातला डोंगर

२० ऑक्टोबरच्या रविवारी दोन्ही घरची माणसे बोरिवलीला भेटली. एवढ्या वर्षांनी आई पुढे आणि आम्ही सगळे तिच्या मागे.

पावसाळा सरत आला होता. ओढ्याचा जोर ओसरून तो खडकांच्या मधून जपून वाहत होता. गवत कमरेएवढे वाढून टोकाला पिवळे पडू लागले होते. कारवीची फुले बहुतेक गळून गेली होती. फुलांच्या जागी हिरवी बोंडे धरली होती. सप्टेंबरात पाहिलेला तो रंग दादाला दाखवता आला नाही, याची चुटपूट लागली. उशीर केला की असे होते. पुतण्या म्हणाला, “चालेल काका, बत्तीस साली दाखवा.”

अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात आम्ही बसलो. याला दरबार लेणे म्हणतात. लांबरुंद दालन आणि जमिनीपासून थोडे उंच असे दगडाचे दोन लांब ओटे. संघाने एकत्र बसावे अशीच ही जागा. आई मध्ये बसली. तिने कोणाला उपदेश केला नाही. पिशवीतून डबा काढला, भाकरी मोडली आणि दोन्ही लेकांच्या हातात अर्धी-अर्धी दिली.

खोलीचा प्रश्न तेवढ्याने सुटला असे कोणी समजू नये. कागद अजून व्हायचे आहेत, कर्जाचे हप्ते अजून आहेत. ते हप्ते आता दोघांनी मिळून भरायचे आणि खोलीला पहिले नाव आईचे लावायचे, एवढे मात्र त्या ओट्यावर बसून ठरले.

वैशाखातला डोंगर

२०२५ची बुद्ध पौर्णिमा १२ मे रोजी, सोमवारी होती. सोमवारी उद्यान बंद असते म्हणून आम्ही आदल्या दिवशी, रविवारी गेलो.

ज्याने कान्हेरी फक्त पावसात पाहिली, त्याला वैशाखातली कान्हेरी ओळखू येणार नाही. ओढा कोरडा. त्यातले गोटे उन्हात पांढरे पडलेले. झाडांची पाने गळून पायाखाली करकरत होती. कातळ इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. कारवीच्या वाळलेल्या काठ्या उतारावर नुसत्या उभ्या. वरच्या बोंडांत मात्र बी धरलेले. पहिल्या पावसात ही सुकलेली बोंडे तडतड फुटतात आणि बी दूर उडते. झाड मेले असे आपल्याला वाटते. त्याने पुढच्या आठ वर्षांची तरतूद आधीच करून ठेवलेली असते.

आईने विचारले, “त्या टाकीत पाणी असेल का रे?”

दादा तिला हाताला धरून घेऊन गेला. आम्ही मागून गेलो. वर कातळावरच्या पन्हळी कोरड्या ठणठणीत होत्या. आईने टाकीच्या तोंडाशी वाकून पाहिले. खाली, सावलीत, पाणी होते. काळे, थंड, हलत नसलेले. वरचा सगळा डोंगर तहानलेला असताना आषाढात साठवलेले ते पाणी वैशाखातही तिथे होते.

“आहे,” आई म्हणाली. एवढेच.

आम्हांला जे शिकायचे होते ते त्या एका शब्दात आले. ऋतू आपल्यासाठी बदलत नाहीत; पण ते बदलत असताना क्षणभर थांबून आपण स्वतःकडे पाहिले, तर प्रत्येक ऋतू काहीतरी दाखवून जातो. आषाढाने आम्हांला थांबायला शिकवले. कारवीने काळ किती गेला ते मोजून दाखवले. आश्विनाने तोंड उघडायला लावले. आणि वैशाखाने सांगितले, की वेळेवर साठवलेले प्रेम कठीण दिवसांत उपयोगी पडते.

त्या वर्षी पाऊसही लवकर आला. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. पत्र्यावर पहिला सडाका वाजला तेव्हा आई खिडकीशी बसली होती. म्हणाली, “आता डोंगरावर बोंडं फुटत असतील.” मग तिने फोन मागून घेतला आणि कल्याणला लावला. “पाऊस आला का रे तुमच्याकडे?” असे विचारून ती बराच वेळ ऐकत राहिली.

बंधू-भगिनींनो, कान्हेरीला जायला फार पैसा लागत नाही. एक रविवार लागतो. मुलांना घेऊन जा, म्हाताऱ्यांना घेऊन जा. पावसाळ्यात कातळाला शेवाळ असते, चपला घसरतात. ओढ्यात उतरू नका. माकडे पिशव्या ओढतात, खाऊ उघडा ठेवू नका. लेण्यांवर नावे कोरू नका आणि आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा. भिक्खूंनी गवत तुडवू नये म्हणून जिथे वर्षावास झाले, तिथे आपण प्लास्टिक टाकून यावे हे शोभत नाही.

आणि ज्याच्याशी तुमचे बोलणे नाही असे एखादे माणूस असेल, तर येत्या आश्विन पौर्णिमेला त्याच्या दारी जा. त्याचे दोष सांगायला नव्हे, आपले विचारायला.

नमो बुद्धाय! जयभीम!